पाणी जातं कुठे?

जुलैतल्या पावसाळी रात्री मुंबईत तापमान २७ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असणं यात काही विशेष नाही. बातम्यांत हे दोन आकडे ऐकून आपण सोडून देतो. दोरीवर लटकलेल्या कपड्यांना मात्र ते सोडून देता येत नाहीत. २७ अंशांच्या एक घनमीटर हवेत फार तर २६ ग्रॅम वाफ मावते. त्यातल्या साधारण २३ ग्रॅमची जागा आधीच भरलेली असते. राहिली तीन ग्रॅमपेक्षाही कमी. चार किलो सुती कपडे वॉशिंग मशीनमधून पिळून निघतात तेव्हा त्यांच्यात जवळपास अडीच लिटर पाणी असतं. ते या उरलेल्या जागेत बसवायचं तर नऊशेहून अधिक घनमीटर हवा लागेल. दहा बाय दहाच्या खोलीत हवा असते २८ घनमीटर. म्हणजे तेहतीस खोल्यांची हवा, आणि तीही केवळ एका धुण्यासाठी!

हा हिशेबही तसा उदारच आहे. पाण्याची वाफ होताना कपडा आणि त्याच्या भोवतालची हवा गार होते, आणि गार हवेत वाफ आणखी कमी मावते. म्हणून बंद खोलीत पंख्याखाली लावलेली जीन्स तिसऱ्या दिवशीही कमरेच्या पट्टीपाशी ओलसर लागते. तेवढ्या वेळात कुबट वासही धरतो. हा वास कशाचा, याचा शोध जपानमधल्या संशोधकांनी २०१२ मध्ये घेतला. धुऊनही कापडात तग धरून राहणारा मोराक्सेला ओस्लोएन्सिस नावाचा जिवाणू ओलाव्यात पुन्हा वाढतो आणि एक उग्र वासाचं आम्ल तयार करतो. कपडा किती लवकर वाळला यावर त्याला मिळणारी मुदत ठरते.

आता तीच हवा ६० अंशांपर्यंत तापवा. तिच्यातलं पाणी तेवढंच राहतं, पण तिची क्षमता घनमीटरला १३० ग्रॅमवर जाते. ९० टक्के आर्द्रतेची सादळलेली हवा १६-१७ टक्क्यांवर येते. आपल्याकडच्या मे महिन्यातल्या दुपारपेक्षाही कोरडी. कपडे वाळवणारं प्रत्येक यंत्र एवढंच करतं. हवा तापवायची, गोल फिरणाऱ्या पिंपातल्या कपड्यांमधून ती खेळवायची. खरा प्रश्न त्यानंतर येतो. अडीच लिटर पाणी कपड्यांतून हवेत गेलं. आता ती हवा कुठे सोडायची?

पहिलं उत्तर सोपं होतं: घराबाहेर. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटाच्या कडक हिवाळ्यात बाहेर कपडे वाळत घालण्याला कंटाळून जे. रॉस मूर यांनी तापवलेल्या पिंपाचा प्रयोग केला. त्यांच्या कल्पनेवरून विस्कॉन्सिनमधल्या हॅमिल्टन मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने १९३८ मध्ये ‘जून डे’ नावाचा ड्रायर बाजारात आणला. (जूनमधला स्वच्छ उन्हाचा दिवस त्यांना अभिप्रेत होता. रत्नागिरीत हे यंत्र या नावाने विकून दाखवायला हवं होतं.) अमेरिकन घरांत अजूनही बहुतेक ड्रायर याच जातीचे. मागे चार इंची नळी, भिंतीला भोक, वाफ बाहेर. चाळीस-पन्नास मिनिटांत कपडे तयार.

आपल्या फ्लॅटमध्ये हे जमत नाही त्याची कारणं रोजच्या ओळखीची आहेत. बाहेरच्या भिंतीला भोक पाडायचं तर सोसायटीशी पत्रव्यवहार. नळी खिडकीतून काढायची तर ती फट पावसाळ्यातच उघडी राहणार. शिवाय हा ड्रायर खोलीतली हवा ओढून बाहेर फेकतो. तेवढीच दमट हवा दुसरीकडून घरात शिरते, आणि एसी चालू असेल तर पैसे मोजून गार केलेली हवा भिंतीपलीकडे जाते. काही जण नळी ड्राय बाल्कनीतच सोडून देतात. मग अडीच लिटर पाणी कपड्यांतून निघून बाल्कनीच्या छतावर बसतं आणि महिनाभरात तिथे काळे ठिपके उठतात.

म्हणून व्हेंटलेस, म्हणजे हवा बाहेर न सोडणारे ड्रायर. दुकानात जाण्याआधी एक खुलासा. आपल्याकडे सेमी-ऑटोमॅटिकमधल्या शेजारच्या छोट्या टबालाही ड्रायरच म्हणतात, आणि काही विक्रेतेही ते दोन्ही बिनदिक्कत एकत्र करतात. तो टब कपडे पिळतो. पिळण्यात पाणी पाण्याच्याच रूपात निघतं, वाफ करावी लागत नाही, म्हणून ते कितीतरी पट स्वस्त पडतं. पुढचं सगळं वाचण्याआधी तुमचं मशीन किती फेऱ्यांनी पिळतं ते पाहून घ्या. मिनिटाला ८०० फेऱ्यांनी पिळलेल्या सुती कपड्यात त्याच्या कोरड्या वजनाच्या ७० टक्के पाणी राहतं, १४०० फेऱ्यांनी ५० टक्क्यांच्या आसपास. चार किलोंच्या धुण्यात हा फरक पाऊण लिटरहून जास्त आहे. ड्रायर कुठलाही घ्या, एवढं पाणी फुकटात कमी करता येतं.

व्हेंटलेसमधला जुना प्रकार कंडेन्सर ड्रायर. यात विजेच्या हीटरने तापलेली हवा कपड्यांतून जाते आणि ओली होऊन एका धातूच्या जाळीदार ठोकळ्यात शिरते. ठोकळ्याच्या दुसऱ्या बाजूने पंखा खोलीतली हवा फिरवतो. दोन्ही हवा एकमेकींत मिसळत नाहीत, फक्त उष्णतेची देवाणघेवाण होते. ओली हवा गार होते, तिच्यातलं पाणी थेंबाथेंबाने खाली टाकीत पडतं, आणि कोरडी झालेली हवा पुन्हा हीटरकडे जाते. गारवा देण्याचं काम इथे खोलीची हवा करते, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. हॅम्बर्गमधल्या १५ अंशांच्या तळघरात ती हे काम मजेत करते. ठाण्याच्या ३२ अंशांच्या बंद बाल्कनीत कुरकुरत करते. आणि हीटरमध्ये गेलेली वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच उतरते. मध्यम धुण्याला अडीच युनिट धरले, तर दीडेक तास तुमच्या घरात दीड किलोवॅटहून मोठा हीटर चालू ठेवल्यासारखं होतं.

याच कुळातलं एक यंत्र म्हणजे धुणारं आणि वाळवणारं एकत्र, वॉशर-ड्रायर. जागा वाचते, म्हणून लहान फ्लॅटमध्ये मोह होतो. त्यातल्या बऱ्याच मॉडेलांत वाफ गार करण्यासाठी नळाचं पाणी वापरतात. वाळवायलाही पाणी खर्च करायचं, हे टँकर येणाऱ्या सोसायटीत पटायला कठीण. दुसरं, आठ किलो धुणारं यंत्र पाचेक किलोच वाळवू शकतं. म्हणजे धुऊन झाल्यावर तीन किलो ओले कपडे हातात. माझं मत विचाराल तर हे यंत्र एकट्या माणसासाठी ठीक. चौघांच्या घरात धुण्याची दुसरी खेप पहिलीच्या वाळण्याची वाट पाहत बसते.

खरी गंमत हीट पंपात आहे. शाळेत आपण पाठ केलेलं असतं की एक ग्रॅम पाण्याची वाफ करायला ५४० कॅलरी लागतात. या अप्रकट उष्म्याचं विजेच्या भाषेत रूपांतर केलं तर एका लिटरला साधारण दोन-तृतीयांश युनिट होतं. अडीच लिटरला एक युनिट आणि वर दोन-तृतीयांश. यापेक्षा कमी विजेत कपडे वाळवणं अशक्य, असं वाटेल. आणि तरीही हीट पंप ड्रायर चार किलोंचं धुणं एका युनिटच्या आसपास वाळवून देतो.

यात निसर्गनियम कुठेही मोडत नाही. वाफ करताना पाण्याला दिलेली उष्णता ते पुन्हा पाणी होताना परत करतं, पै-पैशासह. कंडेन्सर ड्रायर ही परतफेड खोलीत उधळतो. हीट पंप ती गोळा करतो. त्याच्या पोटात फ्रीजसारखाच कॉम्प्रेसर आणि दोन जाळ्या असतात, एक थंड आणि एक गरम. कपड्यांतून आलेली ओली हवा आधी थंड जाळीवरून जाते. तिथे तिचं पाणी गळतं आणि तिची उष्णता जाळीतला वायू शोषून घेतो. कॉम्प्रेसर तो वायू दाबून आणखी तापवतो आणि गरम जाळीकडे धाडतो. कोरडी झालेली हवा पुढे त्याच गरम जाळीवरून जाते आणि मघाशी गमावलेली उष्णता घेऊन कपड्यांकडे परतते. वीज लागते ती फक्त उष्णता इकडून तिकडे हलवायला, पिंप फिरवायला आणि पंख्याला. उष्णतेचं तेच भांडवल पुन्हा पुन्हा वापरून अडीच लिटर पाण्याची थोडी थोडी करत वाफ होते.

या पद्धतीत हवा फार तापत नाही, ५०-६० अंशांवर राहते. म्हणून इलॅस्टिक, छापील टी-शर्ट, लहान मुलांचे कपडे जास्त टिकतात. त्याच कारणाने वेळही जास्त लागतो: पूर्ण भरलेल्या यंत्राला अडीच-तीन तास. अमेरिकेत काही वर्षं काढून पुण्यात परतलेल्या कुटुंबांची पहिली तक्रार हीच असते. यंत्र बिघडलेलं नसतं. ते घाई न करण्याचे पैसे वाचवत असतं.

आतला वायू कुठला, हे मागच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. जुन्या यंत्रांत आर-१३४ए असे. तो हवेत सुटला तर तापमानवाढीला कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे चौदाशे पट हातभार लावतो. नव्यांत बहुधा आर-२९० असतो, म्हणजे प्रोपेन. स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये ब्युटेनसोबत असतो तोच. घाबरायचं कारण नाही, १४.२ किलोंच्या सिलिंडरशेजारी आपण रोज उभे राहतो आणि इथे तो दीडशे ग्रॅमच्या आत असतो. पण गल्लीतल्या फ्रीज-मिस्त्रीला पाठ उघडून ‘गॅस भर’ असं सांगण्याची ही वस्तू नव्हे.

युरोपात कंडेन्सर की हीट पंप या वादाचा निकाल लागून गेला आहे. स्वित्झर्लंडने २०१२ पासून कार्यक्षमतेची अट एवढी कडक केली की विक्रीला फक्त हीट पंपच उरले. युरोपीय संघाच्या १ जुलै २०२५ पासून लागू झालेल्या नियमांचाही परिणाम तोच. त्यामुळे आपल्याकडेही विक्रेते ‘विजेच्या बिलातून पैसे वसूल’ हे वाक्य जसंच्या तसं म्हणतात. इथे थांबून पाटी-पेन्सिल घ्यावी. युनिटला दहा रुपये धरा. चार किलोंच्या धुण्यात कंडेन्सर आणि हीट पंपात दीड युनिटाचा, म्हणजे पंधरा रुपयांचा फरक. जून ते सप्टेंबर, आठवड्याला चार खेपा, म्हणजे सत्तरेक खेपा. वर्षाला वाचले हजार-अकराशे रुपये. दोन यंत्रांच्या किमतीत वीस हजारांचा फरक असेल तर वसुलीला जवळजवळ वीस वर्षं. तोवर यंत्रच निवृत्त झालेलं असेल.

तरीही मी हीट पंपाच्याच बाजूने आहे, पण कारण बिल नव्हे. चार माणसांच्या घरात जुलैच्या संध्याकाळी आधीच घामाने अंग चिकचिकत असताना दीड किलोवॅटचा हीटर कोणाला हवा आहे? आणि ज्यांच्याकडे वर्षभर कपडे वाळत घालायला जागाच नाही, बाल्कनी बंद करून खोली केलेली आहे, किंवा घरात तान्हं मूल आणि अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, त्यांच्या वर्षाला तीनशे खेपा होतात. त्यांचा हिशेब चार-पाच वर्षांत जमतो. याउलट दोघांचंच घर असेल आणि त्रास फक्त चार महिन्यांचा असेल, तर ड्रायरच घेऊ नये असं मला वाटतं. डिह्युमिडिफायर घ्यावा. तोही हीट पंपच, फक्त पिंप नसलेला. लहान खोलीचं दार लावून दोरीवरच्या कपड्यांखाली रात्रभर चालू ठेवला की सकाळी टाकीत पाणी आणि वर वाळलेले कपडे. उरलेल्या वेळात तो पुस्तकांच्या कपाटाला बुरशीपासून वाचवतो, जे कुठलाही ड्रायर करत नाही.

घ्यायचाच ठरला तर मोजपट्टी आधी. बहुतेक यंत्रं ६० सेंटिमीटर रुंद, तेवढीच खोल आणि ८५ सेंटिमीटर उंच असतात. समोरून उघडणाऱ्या वॉशिंग मशीनवर ड्रायर चढवता येतो, मधे कंपनीची चौकट बसवून. वरून उघडणाऱ्या मशीनवर अर्थातच नाही. हीट पंपाचं वजन पन्नास किलोंच्या आसपास आणि तो आडवा करून आणायचा नसतो. आडवा झालाच तर कॉम्प्रेसरमधलं तेल जागेवर येईपर्यंत काही तास उभा ठेवून मग चालू करायचा. कंडेन्सर ड्रायर दोन-अडीच किलोवॅट ओढतो, त्याला १६ अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट हवाच. वॉशिंग मशीनचा हीटर आणि हा, दोन्ही एका मल्टिप्लगवर टाकले तर साडेचार किलोवॅटपर्यंत जाल. तो सॉकेट पेलतो ३.७.

यंत्र कपाटात कोंडू नये. व्हेंटलेस म्हणजे वाफ अजिबात बाहेर येत नाही असंही नाही. चांगल्या यंत्रातूनही पाच-दहा टक्के, साध्यातून वीस टक्क्यांपर्यंत ओलावा खोलीत निसटतो. अडीच लिटरातलं सव्वाशे मिलिलिटर ते अर्धा लिटर. खिडकी बोटभर उघडी असली की पुरतं. उत्पादक बहुधा ५ ते ३५ अंशांच्या खोलीत वापरायला सांगतात. नागपुरात मेमध्ये ही मर्यादा ओलांडली जाते खरी, पण तेव्हा गच्चीत कपडे अर्ध्या तासात कडकडीत होतात, ड्रायर कोण लावतो?

खरेदीच्या वेळी दाखवायला सांगावी अशी एकच गोष्ट: थंड जाळी. कपड्यांतून सुटलेले तंतू फिल्टरमध्ये अडतात, पण सगळे नाही. बारीक पूड ओल्या जाळीवर बसते आणि तिथे लगदा होतो. काही यंत्रांत खालचं झाकण उघडून जाळी किंवा दुसरा फिल्टर साफ करता येतो. काहींत यंत्र स्वतःच टाकीतलं पाणी जाळीवर मारून ती धुतं, आणि ती तुम्हाला कधीच दिसत नाही. दुसरी सोय ऐकायला छान वाटते. पण काही वर्षांनी कपडे वाळायला चार तास लागू लागले की मेकॅनिकला अख्खं यंत्र उघडावं लागतं. मला डोळ्यांनी दिसणारी जाळी बरी वाटते.

दाराजवळचा लिंट फिल्टर मात्र प्रत्येक खेपेनंतर साफ करायचा. यात सवलत नाही. ब्रिटनमध्ये २०१९ मध्ये लाखो घरांतले ड्रायर परत मागवण्याची वेळ आली, कारण साठलेले तंतू हीटरला लागून आगी लागत होत्या. हीट पंपात लालबुंद हीटर नसतो, त्यामुळे तो धोका बराच कमी. पण दुसरा एक धोका आपल्या घरांत विशेष आहे, आणि माहितीपुस्तिकेत तो बारीक अक्षरांत असतो: तेल. बाळाच्या मालिशीचा पंचा, दिवाळीच्या अभ्यंगाचे टॉवेल, खोबरेल मुरलेले उशीचे अभ्रे, तळणीशेजारचं फडकं. वनस्पती तेलाचा हवेशी संयोग होताना उष्णता निघते. तेलकट कापड गरम असताना गठ्ठ्यात पडलं तर ती उष्णता बाहेर पडू शकत नाही, वाढत जाते, आणि कापड आपोआप पेट घेऊ शकतं. असे कपडे गरम पाण्यात जास्त साबण घालून नीट धुतल्याशिवाय ड्रायरला दाखवू नयेत. तेलाचा वास येतोय तोवर तर नाहीच. आणि शेवटची दहा मिनिटं यंत्र गार हवा फिरवतं, ती ‘झालंच की’ म्हणून कापू नयेत.

नऊवारी आणि लांब सुती साड्या पिंपात पिळाचा दोर होतात. बाहेरून वाळतात, आतून ओल्या राहतात. एका वेळी एकच, घड्या मोकळ्या करून, सोबत दोन-तीन टॉवेल घातले तर जरा बरं. जर, रेशीम, लोकर नको. फोमच्या उशा अजिबात नकोत.

यंत्राला कपडे वाळल्याचं कळतं ते पिंपातल्या दोन धातूच्या पट्ट्यांमुळे. ओला कपडा त्यांना एकदम शिवला की थोडी वीज वाहते, कोरडा शिवला की नाही. फॅब्रिक कंडिशनरचा थर किंवा बोअरच्या पाण्याचे क्षार पट्ट्यांवर बसले की अंदाज चुकतो आणि यंत्र ओले कपडे ‘झाले’ म्हणून परत देतं. महिन्यातून एकदा व्हिनेगर लावलेल्या फडक्याने पट्ट्या पुसल्या की बहुतेक वेळा तक्रार मिटते.

किती वाळवायचं यावरही पावसाळ्यात वेगळा विचार हवा. सुती कापड हवेतून ओलावा घेत असतं. आर्द्रता ६५ टक्के असेल तर त्याच्या वजनाच्या सात-आठ टक्के, ९० टक्के असेल तर चौदा-पंधरा टक्के. म्हणजे ‘एक्स्ट्रा ड्राय’ लावून कडकडीत केलेला सदरा जुलैत खुंटीवर लटकवला की तासाभरात गमावलेलं पाणी पुन्हा पिऊन बसतो, आणि ते काढायला घातलेली वीज वाया. इस्त्रीपुरतं किंवा कपाटात ठेवण्यापुरतं वाळलं की थांबावं, गरम असतानाच झटकून घडी घालावी आणि कपाट बंद करावं. पॉलिस्टरला ही अडचण नाही, त्याला पाण्याशी फारसं देणंघेणं नसतं. म्हणून सुती आणि पॉलिस्टर एकत्र टाकले तर एकाचं झालेलं असतं तेव्हा दुसऱ्याचं अर्धवट.

टाकीतलं पाणी प्रत्येक खेपेनंतर ओतायचं, किंवा सोबतची नळी नहाणी ट्रॅपमध्ये सोडून द्यायची. पाणी क्षारमुक्त असतं, त्यामुळे एसीच्या पाण्यासारखं ते इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालण्याचा विचार अनेकांच्या मनात येतो. घालू नये, त्यात तंतू आणि साबणाचा अंश असतो. बॅटरीसाठी दुकानातलंच डिस्टिल्ड पाणी घ्यावं. फरशी पुसायला, संडासात टाकायला टाकीतलं पाणी उत्तम.

ऑक्टोबरचं ऊन पडलं की टाकी रिकामी करायची, दोन्ही फिल्टर धुऊन पूर्ण वाळवून परत बसवायचे, पिंपाच्या दाराचा रबर पुसायचा आणि दार किंचित उघडं ठेवायचं. मधल्या आठ महिन्यांत महिन्यातून एखादी खेप टॉवेलांची लावली तर कॉम्प्रेसर चालता राहतो आणि झुरळांना यंत्रामागे घर करायला उसंत मिळत नाही.